पुस्तक कुठे अडतं

ठाण्यात नौपाड्यातल्या एका वाचनालयात संध्याकाळी साडेसहानंतर काउंटरपाशी गर्दी होते. स्टेशनवर उतरून घरी जाता जाता लोक वाट वाकडी करून येतात, पिशवीतला रिकामा डबा बाजूला सारून त्याखालचं पुस्तक काढतात, कार्ड पुढे करतात. अशाच एका गर्दीत साठीच्या एका बाईंनी ‘कोसला’ परत केली. काउंटरवरच्या मुलाने सवयीने विचारलं, “काय काकू, झाली वाचून?” त्या म्हणाल्या, “नाही रे, नाही जमली. एवढी नावाजलेली कादंबरी, मलाच कळत नसेल.” त्यांची खूण पुस्तकात तशीच राहिली होती. औषधाच्या दुकानातलं बिल, उभी घडी घातलेलं, पहिल्या शंभर पानांच्या आतच कुठेतरी. मुलाने ते काढून त्यांच्या हातात दिलं आणि पुस्तक मागच्या ढिगावर ठेवलं.

बाईंचं कार्ड दोन्ही बाजूंनी भरलेलं होतं आणि त्याला दुसरं जोडलेलं होतं. म्हणजे वर्षानुवर्षं नेमाने पुस्तक बदलणारी ही वाचक. तिने एका कादंबरीपुढे हात टेकावेत हे समजू शकतं, पण दोष सगळा स्वतःकडे घ्यावा, हे मनातून जाईना. वाचनालयात पुस्तकांविषयी जे बोलणं चालतं ते फार थोडं असतं. चांगली आहे, जड आहे, रडवते, संपवली नाही. कुठल्या पानावर सोडलीत, असं कुणी विचारत नाही. खरं तर कादंबरी अडते ती ठरावीक जागी अडते, आणि एकच जागा अनेकांना अडवते. त्या जागेमागे कारण असतं. कधी लेखकाने मुद्दाम घातलेला चढ असतो, कधी लेखकाचा हात खरोखरच सैल पडलेला असतो, आणि कधी पुस्तक बरोबर असतं पण आपण ते चुकीच्या गतीने वाचत असतो. ही तीन कारणं वेगवेगळी काढता आली की मग नावडतं पुस्तकसुद्धा बोलायला लागतं.

‘कोसला’चंच घ्या. १९६३ साली पंचविशीतल्या नेमाड्यांनी ती लिहिली. पांडुरंग सांगवीकर गावाकडून पुण्याला कॉलेजात येतो. होस्टेल, मेस, गॅदरिंग, मित्र, वायफळ भटकंती. ज्या वाचकाची सवय ‘पुढे काय होतं’ यावर घडलेली आहे तो नेमका इथेच अडतो, कारण पुढे काहीच होत नाही. प्रसंग सुरू होतो आणि शेंडा न येताच विरून जातो. वाक्यं तुटक, मध्येच ‘उदाहरणार्थ’, मध्येच ‘वगैरे’. डोळ्यांनी भरभर वाचणाऱ्याला हे विस्कळीत वाटणारच. हीच पानं मोठ्याने वाचून पाहावीत, बोलण्याच्या वेगाने. तेव्हा कळतं की हा एका हुशार, चिडलेल्या, लाजाळू पोराचा बोलण्याचा सूर आहे. ‘वगैरे’ म्हणताना तो जे सांगायचं टाळतो ते ऐकू यायला लागतं, आणि हसूही यायला लागतं. मग मनी जाते. त्याची लहान बहीण, देवी येऊन. तिथे लेखक भाषा बदलत नाही. तीच तुटक वाक्यं, तोच फटकळपणा, फक्त आता त्या फटकळपणाला धरायला काही उरलेलं नाही. मराठीत मृत्यूवर पुष्कळ लिहिलं गेलंय, पण उपमा न वापरता, गळा न काढता एवढं हलवून सोडणारी पानं थोडी आहेत. आणि ती पानं एवढी लागतात त्याचं कारण आधीच्या त्या ‘काहीच न होणाऱ्या’ पानांत आहे. तो सूर अंगवळणी पडला नसेल तर मनीचं जाणं ही नुसती बातमी राहते.

तरीही त्या कादंबरीतली काही पानं कंटाळवाणी आहेत, हे म्हणायला हरकत नसावी.

भविष्यातले इतिहास-संशोधक आजच्या जगण्याचे अवशेष चिवडतात अशा थाटाची जी थट्टा पुस्तकात येते ती पहिल्या काही पानांत रंगते आणि नंतर लांबते. पांडुरंगाचं कंटाळणं सलग वाचलं की वाचकालाही लागण होते. दुसरी गोष्ट जास्त खुपणारी आहे. बापाच्या पैशांचा हिशेब पुस्तकभर येत राहतो, बापाशी भांडण होतं, पण ज्यांच्या राबण्यातून तो पैसा येतो ती शेतावरची माणसं कडेलाच राहतात. बाईमाणसांचंही तसंच, आई आणि बहिणी सोडल्या तर फारसं कुणी जवळून दिसत नाही. एवढं सगळं म्हणूनही ‘कोसला’ मोठी कादंबरी आहे असं मला वाटतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि त्या दोन्ही बोलता येणं म्हणजेच कादंबरी वाचणं.

ठाण्याला कादंबरी वाचायची जुनी सवय आहे. वि. ल. भाव्यांनी पुढाकार घेऊन १८९३ साली इथे मराठी ग्रंथ संग्रहालय उभं केलं. त्याच सुमाराला हरिभाऊ आपटे ‘करमणूक’ साप्ताहिकातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः छापत होते. ही कादंबरी आज हातात घेणारे बरेच जण पाव भागातच थांबतात, आणि कारण विचारलं तर भाषा जुनी आहे म्हणतात. भाषा फारशी अडवत नाही. गोष्ट सांगणाऱ्या यमूचं बोलणं घरातल्या बाईचं साधं बोलणं आहे, चार पानांत कानाला सवय होते. अडवते ती पुनरुक्ती. मागे सांगितलेलं पुन्हा सांगायचं, वाचकाला आठवण करून द्यायची, कळ लांबवायची. साप्ताहिकाच्या वाचकाला आठ दिवसांनी पुढचा भाग मिळत असे, त्याला ही आठवण लागायची. आपण रविवारी दुपारी शंभर पानं एका दमात वाचायला बसतो आणि वैतागतो. त्यावर उपाय सोपा आहे, ती जशी आली तशी वाचावी. एका बैठकीत दोन प्रकरणं, त्यापेक्षा जास्त नाही. शंकरमामंजींचा दरारा मग अंगावर येतो, आणि विधवा झालेल्या यमूचे केस जबरदस्तीने काढले जातात तिथपर्यंत पोचताना वाचणाऱ्याचा जीव आधीच मुठीत आलेला असतो. एका दमात वाचणाऱ्याला तो प्रसंग बटबटीत वाटू शकतो. हप्त्याने वाचणाऱ्याला तो वाटत नाही.

पौराणिक कादंबऱ्यांची कपाटं सगळ्यात जास्त झिजलेली असतात. ‘ययाति’ आणि ‘मृत्युंजय’ या दोन पुस्तकांच्या किती प्रती एकेका वाचनालयाने बदलल्या असतील, गणती नाही. दोन्हींत कथा सांगणारे अनेक आहेत, आणि दोन्हींचा कस नेमका तिथेच लागतो. खांडेकरांनी ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा अशा तिघांना बोलायला लावलं. कल्पना उत्तम, कारण तिघांच्या दुःखाची कारणं एकमेकांत आहेत. पण तिघं एकाच भाषेत बोलतात. प्रकरणावरचं नाव झाकून मधलं एखादं चिंतनाचं पान वाचा, कोण बोलतंय हे पटकन सांगता येत नाही. शिवाय दर दोन पानांवर वहीत उतरवून घ्यावं असं वाक्य येतं. विशीत आपण ती वाक्यं उतरवून घेतो. पन्नाशीत त्याच वाक्यांपाशी गोष्ट थांबल्यासारखी वाटते. त्यातल्या त्यात देवयानीचा राग मात्र खरा आहे. बाकी दोघं आपल्या भावनेचा अर्थ लावत बसतात तेव्हा ती निदान भांडते.

‘मृत्युंजय’मध्ये निवेदक सहा. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि शेवटी कृष्ण, कारण सांगायला कर्ण उरलेलाच नसतो. विशेषणांचा मारा एवढा आहे की सूर्य उगवला की अर्धं पान जातं. कर्णाची स्वतःची प्रकरणं मला सगळ्यात कमी आवडतात, कारण आपला मोठेपणा माणसाने स्वतःच्या तोंडून फार वेळ सांगू नये. शोणाचं प्रकरण मात्र अस्सल आहे. थोरल्या भावाकडे खालून बघणारा धाकटा भाऊ, ज्याला राजकारण कळत नाही आणि दादाच्या पाठीमागे धावणं तेवढं कळतं. त्या पानांत विशेषणं कमी होत नाहीत, पण ती एका भाबड्या माणसाच्या तोंडी आल्यामुळे शोभतात. अडलेल्या वाचकाने शोण येईपर्यंत तरी धीर धरावा.

‘स्वामी’विषयी लिहिताना हात जरा अडखळतो. १९६२ पासून ही कादंबरी मराठी घरात आहे, लग्नात भेट दिली गेली आहे, आई-मुलींनी मिळून वाचली आहे. रणजित देसाई संवाद असे लिहितात की पडदा वर जाऊन दोन माणसं रंगमंचावर उभी राहिल्यासारखी दिसतात. गारदी, चोपदार, शनिवारवाड्यातली कुजबुज, राघोबादादांचं मन, सगळं लख्ख. माधवराव १७७२ साली थेऊरला गेले हे सगळ्यांना शाळेपासून ठाऊक असतं, तरी शेवटची पानं ओली होतात. नंतर पुस्तक मिटल्यावर एक अस्वस्थपणा सुरू होतो. आपण नक्की कशावर रडलो? क्षयाने झिजून गेलेल्या तरुण पेशव्यावर, की त्याच्या मागे चितेवर चढणाऱ्या रमाबाईवर? ते सती जाणं पुस्तकात इतकं सुंदर केलं आहे की त्यातली आग वाचताना लागत नाही. ही लेखकाची ताकदही आहे आणि माझी तक्रारही. सती जाणाऱ्या मुलीच्या मनात एक क्षण तरी भीती दिसायला हवी होती. ती दिसली असती तर ही कादंबरी आज आहे त्याहून मोठी झाली असती असं मला मनापासून वाटतं.

आता जाड पुस्तकांच्या व्यवहाराचं थोडं. श्री. ना. पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ दोन खंडांत आहे, जगबुडी नदीच्या काठच्या एका खोत घराण्याच्या चार पिढ्या त्यात येतात. ती अर्धवट सुटण्याची कारणं साहित्याशी फारशी संबंधित नसतात. पहिलं कारण म्हणजे दोन खंडांची फारकत. पहिला खंड संपवून माणूस वाचनालयात जातो तर दुसरा कुणीतरी आधीच नेलेला असतो, आणि तो परत येईपर्यंत महिना निघून जातो. तोवर कोण कुणाचा नातू हे डोक्यातून उडालेलं असतं. दोन्ही खंड कपाटात शेजारी दिसल्याशिवाय पहिला घेऊच नये. कार्डावर एकच पुस्तक मिळत असेल तर घरातल्या दुसऱ्याच्या कार्डावर दुसरा घ्यावा. दुसरं कारण नाती. पहिल्या पन्नास पानांतच एका पाठकोऱ्या कागदावर वंशावळ काढायला घ्यावी. वर थोरले, खाली मुलं, बाजूला बायका आणि त्यांची माहेरं, आणि घराबाहेरची माणसं वेगळ्या कोपऱ्यात. हा कागद पुस्तकात खूण म्हणून ठेवला की तो हरवत नाही. तिसरं कारण बांधणी. नुसत्या डिंकाच्या बांधणीचं जाड पुस्तक टेबलावर उताणं दाबून वाचलं की पाठ मधोमध फुटते आणि पानं सुटी व्हायला लागतात. ठाण्याच्या पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या कव्हरात ओल कोंडते, पानांना बुरशीचा वास येतो, कसर लागते. असं पुस्तक घरी आणलं तर एक दिवस पंख्याखाली उभं उघडून ठेवावं. उन्हात नको, पानं वाकतात.

वाचायला लागल्यावर मग पहिला खंड सोडवत नाही. माणसं उग्र आहेत, पापी आहेत, आणि लेखक त्यांच्यावर निवाडा करत नाही. दुसऱ्या खंडात बाहेरचा काळ घरात शिरतो आणि माझ्या मते तिथे पकड ढिली होते. घरातल्या माणसांच्या हट्टातून घडणारी गोष्ट काळाच्या रेट्यातून घडायला लागते, आणि पेंडशांचं खरं बळ हट्टात आहे. याच्या उलट टोकाला ‘बनगरवाडी’. १९५५ ची, एवढीशी. धनगरांच्या वाडीवर शाळामास्तर म्हणून आलेला तरुण पोरगा, कारभारी, आनंदा रामोशी, वाडीने मिळून बांधलेली तालीम, आणि मग दुष्काळ. माडगूळकर माणसाला एक-दोन पानं देतात आणि बाजूला होतात. कारभाऱ्याचा स्वभाव ते सांगत नाहीत, तो मास्तरवर कसा रुसतो तेवढं दाखवतात. जिथे दुसरा लेखक प्रकरण लिहील तिथे इथे परिच्छेद संपलेला असतो. ही कादंबरी कुणाला अडते असं फारसं ऐकू येत नाही. मात्र ती फार लवकर संपते आणि लोक तिला शाळेतल्या धड्यासारखी विसरून जातात, म्हणून ती दुसऱ्यांदा वाचायची कादंबरी आहे.

बोलीतल्या कादंबऱ्या ठाण्या-नवी मुंबईच्या वाचकाला सगळ्यात जास्त घाबरवतात. खरं तर इथल्या प्रत्येक बिल्डिंगमध्ये वऱ्हाडातून, मराठवाड्यातून, कोल्हापूर-साताऱ्याकडून आलेली घरं आहेत, फोनवर गावी बोलताना तीच बोली तोंडात असते. छापलेली दिसली की मात्र परकी वाटते. इथे एक फरक ध्यानात ठेवला तर वाट सोपी होते. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मध्ये संवाद वऱ्हाडीत आहेत आणि निवेदन प्रमाण मराठीत. म्हणजे बोलीत दमलात तर निवेदनात टेकता येतं. रा. रं. बोराड्यांच्या ‘पाचोळा’त सगळी गोष्ट पारबतीच सांगते, मराठवाड्याच्या बोलीत, आणि आनंद यादवांच्या ‘गोतावळा’त सगळी गोष्ट शेतगडी नारबा सांगतो, कागलकडच्या बोलीत. तिथे टेकायला जागा नाही. म्हणून सुरुवात ‘धग’पासून करावी, मग ‘पाचोळा’, मग ‘गोतावळा’. पहिली वीस पानं मोठ्याने वाचावीत, घरात कुणी ऐकायला असेल तर उत्तमच. अनोळखी शब्द आला की थांबू नये, शब्दकोश तर उघडूच नये. पाचव्यांदा आला की तो आपोआप कळतो, आणि दोनदाच आला तर त्याच्यावाचून अडत नाही. गाडीत या कादंबऱ्या वाचू नयेत. स्टेशनांच्या घोषणा कानावर आदळत असताना बोलीचा सूर लागत नाही.

‘धग’ वाचताना प्रामाणिकपणे सांगायचं तर दम लागतो. कौतिक घर उभं ठेवायला धडपडते, नवरा शिंप्याचा धंदा धड चालवत नाही, आणि प्रत्येक वेळी जरा बरं होतंय म्हणेपर्यंत काहीतरी कोसळतं. साधारण दोन तृतीयांश भागानंतर वाचक स्वतःला वाचवायला बघतो. पुढच्या संकटाचा अंदाज बांधायला लागतो, मन घट्ट करतो. पुस्तकाचा दोष शोधायचा तर तो इथे आहे, संकटांची रांग ओळखीची होते. पण शेळके एक गोष्ट करतात जिच्यामुळे ते निसटत नाही. कौतिकला ते कधीही बिचारी करत नाहीत. ती हिशेबी आहे, तिला मान हवा आहे, ती लोकांशी फटकून वागते, पोरांवर जीव टाकते आणि त्यांच्यावर खेकसतेही. ‘पाचोळा’तल्या पारबतीचं दुःख तुलनेने लहान दिसतं, एका शिंप्याच्या घराची गावातल्या चढाओढीत होणारी वाताहत, पण ती स्वतः सांगते म्हणून तिच्या बोलण्यात न सांगितलेलं फार असतं.

‘गोतावळा’ या सगळ्यांत मला जास्त जवळची. नारबाला बायको नाही, घर नाही, मालकाची जनावरं हेच त्याचं गणगोत. प्रत्येक बैलाचा, म्हशीचा, कुत्र्याचा स्वभाव तो असा सांगतो जसा आपण भावंडांचा सांगतो. मग मालक ट्रॅक्टर आणतो. त्यानंतरच्या पानांत एकेक जनावर मळ्यातून उणं होत जातं आणि नारबाच्या वाक्यातला रस ओसरत जातो. यंत्रावर टीका करणारं एकही भाषण या पुस्तकात नाही. सत्तरीच्या सुरुवातीची ही कादंबरी नवी मुंबईत घणसोली किंवा कोपरखैरण्याच्या सातव्या मजल्यावर वाचताना जास्त टोचते, कारण खिडकीतून खाली बघितलं तर दोन सेक्टरांच्या मधोमध मूळ गाव अजून आहे. चिंचोळी गल्ली, देऊळ, घरावर घर चढवलेलं.

गाडीत वाचायच्या कादंबऱ्या वेगळ्या. ठाण्याच्या नऊ-दहा नंबर फलाटावरून पनवेलची गाडी धरणाऱ्याला ‘रणांगण’ दोन-तीन दिवसांत होते. विश्राम बेडेकरांची १९३९ ची कादंबरी. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, तीवर जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू, आणि त्यांतली हॅर्टा. चक्रधरचा कोरडेपणा पहिल्या पानापासून संताप आणतो, आणि तो संताप येऊ देणं हीच ती वाचायची रीत आहे. त्याला आवडायला जाऊ नका. ‘शाळा’ही गाडीतच वाचावी, नववीतल्या मुकुंदाची भाषा इतकी पळते. तिच्याविषयी माझी एकच कुरकुर आहे. शिरोडकर नावाची मुलगी मुकुंदाच्या नजरेतून इतकी गोड दिसते की तिच्या डोक्यात काय चाललं होतं हे वाचणारा विचारायचं विसरतो. पु. शि. रेग्यांची ‘सावित्री’ मात्र गाडीत नेऊ नये. नुसती पत्रं, तीही एकाच बाजूची. उत्तरं छापलेलीच नाहीत. घाईने वाचलं तर ती हवेत तरंगणारी, सुखवस्तू माणसांची गोष्ट वाटते, आणि तसं वाटण्यात पूर्ण चूक नाही. दोन पत्रांच्या मधल्या कोऱ्या जागेपाशी जरा थांबलं, समोरच्याने काय लिहिलं असेल हे स्वतः रचून पाहिलं, तर तीच पानं भरून येतात.

रहस्यकथा आणि भयकथांचं कपाट बहुधा कोपऱ्यात असतं, पण तिथली पुस्तकं हातात घेऊन बघा. बाबूराव अर्नाळकरांचा काळा पहाड, झुंजार, धनंजय-छोटू. नारायण धारपांचे समर्थ. पुठ्ठे दोनदा चिकटवलेले, कोपरे गोल झालेले, आणि बऱ्याच प्रतींतला शेवटचा फर्मा, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला सोळा पानांचा जुडगा, निखळून गेलेला. खून कोणी केला हे त्याच सोळा पानांत असतं. घेण्याआधी शेवटचं पान उघडून बघावं, वाचू नये, फक्त आहे का ते बघावं. या लेखकांनी मराठी माणसाला वाचायला शिकवलं असं म्हणण्याची रीत आहे, जणू ती पायरी होती आणि आता आपण वर पोचलो. मला हे मान्य नाही. प्रकरण कुठे तोडायचं, माहिती किती वेळ दाबून ठेवायची, वाड्यातला अंधार चार वाक्यांत कसा उभा करायचा, हे धारपांना जेवढं येत होतं तेवढं अनेक नावाजलेल्यांना येत नाही. त्यांचं अडतं ते दुसरीकडे. भीतीचं कारण कळलं की गोष्ट संपते आणि माणसं पुठ्ठ्याची होतात. समर्थ आले की सगळं ठीक होणार, हे ठाऊक असल्यावर भीती किती टिकणार?

कविता महाजनांची ‘ब्र’ २००५ ची. पंचायतीत निवडून आलेल्या बायका, आदिवासी पाडे, संस्थांची कामं, आणि हे सगळं बघत फिरणारी प्रफुल्ला. अनेकांची तक्रार असते की ही कादंबरी नाही, अहवाल आहे. पहिल्या भागात ते खरंही आहे. एका बाईची हकिकत संपते, दुसरीची सुरू होते, नावं मिसळतात, मधला धागा सापडत नाही. इथे वंशावळीचा कागद चालत नाही, कारण नातीच नाहीत. गावाचं नाव आणि तिथल्या बाईचं काय झालं, एवढी एकेक ओळ टिपत जावी. निम्म्याच्या पुढे त्या ओळी एकमेकींशी बोलायला लागतात. एकीला सही करता येत नाही म्हणून दुसरा तिच्या नावाने कारभार करतो, दुसरीला सही येते म्हणून तिच्यावर अविश्वासाचा ठराव येतो. नीटनेटक्या कथानकात हे बसलं नसतं. कच्चेपणा आहे, पण तो झाकलेला नाही, आणि पक्क्या बांधणीच्या कितीतरी कादंबऱ्यांपेक्षा ही जास्त दिवस डोक्यात राहते.

एवढं सगळं वाचून झालं की एक उणीव जाणवत राहते. कोकणातले खोत वाचकांच्या तोंडी आहेत, माणदेशातले धनगर आहेत, वऱ्हाडातली कौतिक आहे. ठाण्याच्या या खाडीच्या दोन्ही काठांवर मिठागरांत राबलेल्या आगऱ्याचं, जाळी विणणाऱ्या कोळणीचं नाव त्या यादीत येत नाही. १९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको आली, ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी ठरली, १९८४ च्या जानेवारीत उरणकडे जासईला जमिनीच्या मोबदल्यासाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळ्या चालल्या, नंतर घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात द्यायच्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांचं राजकारण आणि एका पिढीच्या हातात एकदम आलेला आणि तसाच गेलेला पैसा. चार पिढ्या आणि दोन खंड पुरतील एवढा ऐवज आहे हा. कुणी लिहायला घेतलीच तर संवादांपुरती बोली ठेवून निवेदन प्रमाण भाषेत उरकू नये, नारबासारखं सगळं त्याच तोंडातून येऊ द्यावं. खाडीचं पाणी शेतात येऊ न देणारी खारबंदिस्ती फुटली की भाताचं काय होतं, मीठ कोणत्या महिन्यात धरतं, मोबदल्याचा चेक कुणाच्या नावाने निघाला आणि बहिणींची सही कशी घेतली, हे नेमकं असावं. पहिली वीस पानं अवघड गेली तरी चालतील. नेरूळ-बेलापूरच्या नातवंडांनी ती आजीसमोर बसून मोठ्याने वाचावीत, चुकलेले उच्चार ती सुधारेल.